आधी गळा चाचपा

आदिलाबाद जिल्ह्यात परसातल्या कोंबडीला एकच रोग होतो. त्याचं नाव ‘अंडे देऊन नाही राहिली’. मान वाकडी झाली, हाच रोग. गळ्याखाली गाठोडं लोंबायला लागलं, हाच रोग. पिसं झडली, हिरवं हगली, कोपऱ्यात डोळे मिटून बसली, तरी निदान कायम. जैनथपासून उटनूरपर्यंत आणि पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यापर्यंत या निदानावर जेवढं एकमत आहे तेवढं दुसऱ्या कशावरच नाही. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू बोलणारी आम्ही माणसं कापसाच्या भावावरून एकमेकांच्या उरावर बसतो; कोंबडीच्या बाबतीत मात्र अद्वैत.

औषधही एकच. पिवळी पूड. ती मिळते खत-बियाण्यांच्या दुकानात, बोंडअळीच्या बाटल्यांशेजारी. संवाद ठरलेला.

‘‘कोंबडी अंडे देऊन नाही राहिली, भाऊ.’’

‘‘किती हायेत?’’

‘‘सहा.’’

‘‘मग दोन पुड्या ने. अन् हे कॅल्शियम ने. दोन्ही एकाच पाण्यात कालव.’’

कोंबडी काय खाते, किती वयाची आहे, कधीपासून थांबली, यातलं काहीही विचारलं जात नाही. विचारायचं कशाला? दुकानदार कोंबडी बघतच नाही, गिऱ्हाईक बघतो. आणि रोग ठरतो मागाहून: जगली तर ‘सर्दी होती’, मेली तर ‘नजर होती’. चरक-सुश्रुतांनी निदानासाठी स्थान राखून ठेवलं, बिचाऱ्यांना ही सोय सुचली नाही.

आता त्या एकाच पाण्यातली गंमत पाहा. ती पिवळी पूड बहुधा टेट्रासायक्लिन कुळातली असते. या कुळाला कॅल्शियम भेटलं की दोघं एकमेकांना असे चिकटतात की औषधाचा बराचसा भाग आतड्यातून अंगात शिरतच नाही. म्हणजे गिऱ्हाईकाने दोन वस्तूंचे पैसे मोजले, कोंबडीला धड एकही पोचली नाही, आणि त्या आठवड्यात जी काही अंडी आली ती हायवेच्या कडेला टोपलीत बसली. टोपलीवर पाटी: ‘औषधाविना गावरान’. तुम्ही हसलात? मीही हसलो असतो, पण त्या टोपलीतलं अंडं मी विकत घेतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. अंड्यावर सगळ्यांचा डोळा आहे, गळ्यावर कुणाचाच हात नाही. अंडं हा कोंबडीचा शेवट आहे. तिची सुरुवात चोचीतून होते.

चोचीत दात नसतात. टिपलेला दाणा आधी उतरतो गळ्याखालच्या पिशवीत, छातीच्या किंचित उजवीकडे. तिथे तो भिजतो, मऊ होतो, मग थोडाथोडा पुढे सरकतो आणि शेवटी तुम्ही कलेजीबरोबर हौसेने मागून घेता त्या पेट्यात जाऊन खड्यांनी दळला जातो. म्हणून कोंबडीला दाण्याइतकेच बारीक खडे लागतात. संध्याकाळी ही पिशवी टम्म भरलेली असते. पहाटे, खुराडं उघडून दाणे टाकायच्या आधी, ती रिकामी असली पाहिजे. झालं. हे इतकंच निदानशास्त्र आहे. पहाटे कोंबडी काखेत धरायची, तीन बोटं गळ्याखाली न्यायची, चाचपायचं. फुकट. दहा सेकंद. यासाठी पदवी लागत नाही, पुडी लागत नाही आणि मला वाटतं नेमकी हीच अडचण आहे. फुकटच्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार?

मध्य भारतातल्या कितीतरी आदिवासी पूजांत कोंबडा कापायच्या आधी त्याच्यापुढे चार दाणे टाकतात. त्याने टिपले तर देवाने मान्य केलं, नाही टिपले तर थांबायचं. म्हणजे देवसुद्धा आधी बघतो की पाखरू दाणा टिपतंय का. आमचा दुकानदार तेवढंही विचारत नाही.

पहाटे पिशवी हाताला कडक, गोळ्यासारखी लागली तर काहीतरी अडकलंय. काय अडकलंय ते आदिलाबादेत राहणाऱ्याने विचारू नये, स्वतःच्या घरात बघावं. दसरा-दिवाळीच्या पुढे अर्ध्या घरात कापूस छताला टेकलेला असतो. यार्डात भाव पडला, ओलावा आठ टक्क्यांच्या वर भरला, खरेदी थांबली, की कापूस परत घरात. माणसं त्याच्यावर झोपतात, मग कोंबडीने काय घोडं मारलंय? ती आत शिरते, सरकीला चोच मारते, आणि सरकीच्या जोडीने रुई गिळते. रुई भिजते, पिळली जाते, त्यात खताच्या पोत्याचा निघालेला धागा, सुतळी, वाळकं लांब गवत येऊन अडकतं. आता ही कोंबडी दिवसभर खात राहते आणि उपाशी मरते. तिचं वजन उतरतं, तुरा फिका पडतो, अंडं थांबतं. मालक म्हणतो: अंडे देऊन नाही राहिली. अहो, गळ्यात अर्धी गादी भरलीय तिच्या!

अशा कोंबडीला वेगळं ठेवायचं. एक दिवस दाणा बंद, पाणी चालू. थोडं खाण्याचं तेल, थेंबाथेंबाने, चोचीच्या कडेने, श्वासनळीत जाऊ न देता. दिवसातून तीनचारदा पाचपाच मिनिटं बोटांनी तो गोळा हळूहळू मोकळा करायचा. एकदोन दिवसांत सुटला तर सुटला. मग भिजवलेलं मऊ खाणं, आणि खडे. नाही सुटला तर पशुवैद्य. तो जागा बधिर करून पिशवीला चीर देतो, आतलं काढतो, दोन थरांत टाके घालतो. फार मोठं ऑपरेशन नाही. पण हे मी आमच्याकडच्या एका डॉक्टरांना म्हणालो तर ते इतके हसले की त्यांच्या टेबलावरचा चहा सांडला. ‘‘कोंबडीचं ऑपरेशन? कापून खा ना!’’ बरोबर आहे. जिवंत कोंबडी दमडीच्या उपचाराला महाग, आणि तीच कोंबडी रविवारी रश्श्यात उतरली की तिच्या किलोचा भाव ऐकून हेच डॉक्टर म्हणतात, काय करणार, अस्सल गावरान आहे.

पिशवी कडक नसून लिबलिबीत लागली, आणि चोचीजवळ नाक नेल्यावर उन्हात राहिलेल्या कल्लूचा, म्हणजे ताडीचा, वास आला, तर मामला निराळा. आत आंबलंय, बुरशी वाढलीय. आणि ही बुरशी कोणाकडे हमखास जाते ठाऊक आहे? जिला आधी पंधरा दिवस पिवळी पूड पाजली तिच्याकडे. पुडीने आतले चांगले जंतू मारले, रिकाम्या जागेत बुरशी येऊन बसली. त्यावर उपाय म्हणून मालक काय आणतो? आणखी पुडी. खरं म्हणजे तिला हवं असतं बुरशीवरचं औषध, स्वच्छ पाणी आणि पुडीपासून सुटका. त्याऐवजी गावातला कुणीतरी भीमसेन पुढे येतो, तिला पायाला धरून उलटी टांगतो आणि गळा पिळून पाणी काढतो. पाणी निघतं, प्रेक्षक खूश होतात, त्यातलं निम्मं पाणी तिच्या श्वासनळीत जातं आणि संध्याकाळी ती मरते. ‘‘वेळच भरली होती,’’ भीमसेन म्हणतो.

शिवाय गळ्यात पाणी भरणं हे मानमोडी या साथीचंही एक लक्षण आहे. तेव्हा हिरवी हगवण, घरघर, लुळे पाय, वळलेली मान यातलं काही सोबत असेल तर टांगणं-पिळणं सोडा, त्या कोंबडीला इतरांपासून दूर करा आणि पशुवैद्याला कळवा. आणि फवारलेल्या कापसातून ती लाळ गाळत, पाय ओढत आली असेल तर तिने मेलेल्या अळ्या टिपल्यात. २०१७ साली पलीकडच्या यवतमाळात फवारणीच्या विषाने वीसच्या वर माणसं गेली. जे विष माणसाला सोडत नाही ते दीड किलोच्या पाखराला सोडेल ही अपेक्षा जरा जास्तच उदार आहे.

मानमोडीचा विषय निघाला म्हणून आमच्या दुसऱ्या जातीच्या धन्वंतरींना नमस्कार करून घेतो. हे शहरातून परत आलेले निसर्गोपासक. हैदराबादेत बारा वर्षं एसीत बसून यांना मातीची ओढ लागली, नागपूर-हैदराबाद हायवेलगत दोन एकर घेतले, त्यात शंभर कोंबड्या सोडल्या. यांच्याकडे रसायनाला बंदी. लस हे रसायन. सफरचंदाचं व्हिनेगर मात्र रसायन नाही, कारण ते महाग आहे. लसूण, हळद, कडुनिंब, गूळ, गोमूत्र सगळं पाण्यात. पाण्याला इतका वास की कोंबड्या पाणीच पीत नाहीत, आणि पाणी न पिणारी कोंबडी अंडं देत नाही ही गोष्ट यांच्या कुठल्याच ग्रंथात आलेली नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात मानमोडी शिरते आणि आठवडाभरात निसर्ग आपलं काम करतो. निसर्गोपासक काय करतात? नवी शंभर पिल्लं मागवतात. कुठून? हॅचरीतून. तिथे ती पिल्लं पहिल्याच दिवशी मरेक्सची लस टोचून निघालेली असतात. ती लस यांना चालते, कारण ती यांनी पाहिलेली नसते.

बरं, मानमोडीची लस द्यायची म्हटली तर? पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन, आणि मग वेळोवेळी पुन्हा. स्वस्त आणि जुनी विद्या. फक्त लसीची कुपी येते शंभर-दोनशे मात्रांची, थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या बाईने उरलेल्या चौऱ्याण्णव मात्रा कुणाला द्याव्यात, नवऱ्याला? सगळ्या गल्लीने एक सकाळ ठरवून कोंबड्या धरून आणल्या तर प्रश्न मिटतो. पण गल्ली एकत्र येते ती बोनालूला नाहीतर पोळ्याला.

सरकारला परसातली कोंबडी दिसत नाही असं मात्र म्हणू नका. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशात पहिल्यांदा. तेव्हा तिला घराघरातून शोधून काढली, मोजली, मारली. मारायच्या दिवशी जी यंत्रणा दारात येते ती लसीच्या दिवशी कुठल्या गावाला जाते?

भाषणांत तर कोंबडी फारच दिसते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटींच्या वर भरले, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. तेव्हापासून व्यासपीठावर या टक्क्यांचं पोट सुटलंय. पाठोपाठ योजना येते, योजनेत पिल्लं येतात. वनराजा, ग्रामप्रिया, राजश्री. पहिल्या दोन जाती हैदराबादच्या राजेंद्रनगरात कुक्कुट संशोधन संचालनालयात घडल्या, तिसरी तिथल्याच पशुवैद्यकीय विद्यापीठात, आणि त्यांच्याशी माझं काही वैर नाही. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते तिथे वनराजा शंभरावर देते, ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त. पण ही वाढीव अंडी आली कुठून? खुडूक बसण्याची खोड जवळपास काढून टाकली, तिथून. देशी बाई दहा-पंधरा अंडी घालते, रवणाला बसते, एकवीस दिवस हलत नाही, मग दोन-तीन महिने पिल्लं सांभाळते. तिचा हिशेब अंड्यांचा नाही, वंशाचा आहे. सुधारित कोंबडी रवणाला बसत नाही, म्हणून पुढच्या खेपेला पिल्लं पुन्हा बाहेरून आणावी लागतात. आणि साहेब माईकवर सांगतात: ही योजना महिलांना स्वावलंबी करेल. जी कोंबडी स्वतःचं अंडं स्वतः उबवू शकत नाही ती दुसऱ्याला स्वावलंबन शिकवणार!

उलट ज्यांच्याकडे उबवणारी देशी आहे ते काय करतात? ती खुडूक बसली की तिच्यावर संतापतात. थंड पाण्यात बुचकळतात. पायाला दोरी बांधून उन्हात ठेवतात. तिच्याच पंखाचं पीस काढून नाकपुड्यांतून आरपार घालतात. होय, घालतात, अजून. आणि पावसाळ्यात शेजारणीला विचारतात, ‘‘काकू, तुमच्याकडं पिल्लं हायेत का वो?’’ खुडूक मोडायचीच असेल तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, घरट्याविना, उजेडात तीनचार दिवस ठेवा. पोटाला गारवा लागला की ती आपोआप उठते.

आता खरोखर अंडं बंद झालंय का, हे तरी कुणी तपासतं? शेपटीखाली, अंडं बाहेर पडायच्या जागेच्या दोन बाजूंना कमरेची दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट मुश्किलीने गेलं तर नाही. हे कळलं की निम्मे रोगी तिथल्या तिथे बरे होतात, कारण ते रोगी नसतातच. कोंबडी अंडी देतेय. तुमच्याकडे देत नाही. पऱ्हाटीच्या ढिगात, शेजाऱ्याच्या गंजीखाली, बैलगाडीच्या साटीत तिने संसार थाटलाय, आणि मुंगूस रोज ऑम्लेट न करता खातंय. त्यावर तुम्ही तिला पूड पाजता.

हाडं खरंच आवळलेली असतील तर पंचांग नव्हे, घड्याळ बघा. कोंबडीला भरात राहायला दिवसाचे चौदा-सोळा तास उजेड लागतो. आमच्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, वर थंडी अशी की राज्यातला सगळ्यात खालचा पारा अनेकदा आमच्याच जिल्ह्यातला कुठलातरी गाव पटकावतो. त्यात तुम्ही तिला पाचलाच डालग्याखाली झाकता आणि सकाळी आठला उघडता. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं, खरंय. पण कोंबडी झाकली तर अंडं फुटत नाही, येतच नाही. पिसं झडत असतील तर तिचं सगळं प्रथिन नव्या पिसांत चाललंय; दोन महिने गप्प बसा, जमलं तर थोडी भाजलेली सोयाबीन घाला.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की अंडी पातळ कवचाची, कधी नुसत्या पापुद्र्याची येतात. लगेच ‘करणी’. अहो, कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाचा कार्बोनेट त्यातूनच बनायचा असतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम, आणि ते चढवायला जवळजवळ वीस तास. दुपारी सावली द्या, गार पाणी द्या, दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्या, वेगळ्या वाटीत चुनखडीचा चुरा किंवा भाजून कुटलेली टरफलं ठेवा. आदिलाबाद चुनखडीवर बसलेलं शहर आहे. त्याच चुनखडीसाठी इथे सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना निघाला आणि १९९८ पासून तो बंद पडून आहे. खाली एवढा चुना, आणि वर कोंबड्या पापुद्रे घालतायत. माणसं तेवढी एकमेकांना चुना लावण्यात पारंगत.

अंडं अडकतं तेव्हा मात्र विनोद बंद. कोंबडी उभी राहते, शेपूट पाडते, कुंथते, घरट्यात जाते-येते, काही निघत नाही. लठ्ठ कोंबडीत, पहिलटकरणीत, दोन बलकांच्या अंड्यात हे जास्त. तिला कमरेइतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, शास्त्रात ज्याला अवस्कर म्हणतात त्या जागेला तेल लावा, अंधाऱ्या उबदार कोपऱ्यात एकटी सोडा, आणि दिवस मावळायच्या आत निघालं नाही तर डॉक्टरकडे न्या, कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं. आत बोट घालून अंडं फोडायचं नाही. आमच्याकडचे शूर नेमकं तेच आधी करतात.

तिकडे किनारी आंध्रात संक्रांतीच्या झुंजींसाठी कुक्कुटशास्त्र मानतात. कुठल्या रंगाचा कोंबडा, कुठल्या वारी, कुठल्या दिशेने सोडला तर जिंकेल याचे कोष्टक. झुंजीवर कायद्याने बंदी, शास्त्र मात्र तोंडपाठ. कोंबड्याने कसं मरावं यावर एवढी विद्वत्ता, कोंबडीने कसं जगावं यावर दोन पुड्या!

आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात एका घरी अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी निघायला लागला, एकदा तर पांढऱ्यावर गुलाबी झाक. घरात रडारड. मी सांगितलं, गोठ्यात म्हशीच्या घमेल्यातली सरकी पेंड कोंबड्या पोटभर खातायत, सरकीतलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जुळतं आणि बलक हिरवा पडतो, तिच्याच तेलातल्या दुसऱ्या एका घटकाने पांढरं गुलाबी होतं, ठेवलेल्या अंड्यात जास्त दिसतं, घमेलं झाका. माझ्याकडे करुणेने पाहिलं गेलं. मांत्रिक आला. लिंबू कापलं, धूर केला, उंबऱ्यात खिळा ठोकला, आणि दक्षिणा म्हणून एक कोंबडी मागितली. घरच्यांनी चारही पुढे केल्या. महाराजांनी मंत्र पुटपुटत एकेकीला काखेत घेतलं, गळा चाचपला, शेपटीखाली दोन बोटं घालून पाहिली, आणि जी अंड्यावर होती ती नेमकी उचलून निघून गेले.